सेकंदाला पाच

नरहरीभाऊंनी लोहचुंबक होडीच्या फळीला टेकवलं, हात काढून घेतला, आणि चुंबक त्याला जोडलेल्या सेन्सरसकट खाली ठेवलेल्या बोंबलांच्या पाटीत पडलं.

त्यांनी ते उचललं, रुमालाने पुसलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा बोंबील.

"नऱ्या," दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेला सॅन्टन म्हणाला, "लाकूड हाय ते."

"माहीत आहे मला. तपासत होतो."

"काय? बोंबील?"

सुकाणूपाशी उभा असलेला सॅन्टनचा मुलगा केल्विन तोंड फिरवून समुद्राकडे बघू लागला. वडिलांच्या शाळासोबत्याला हसू नये एवढे संस्कार त्याच्यावर झाले होते. खांद्यांवर मात्र झाले नव्हते.

ही चूक नरहरीभाऊंकडूनच होऊ शकत होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जहाजांचं कंपन मोजण्यात घालवली होती. कप्तानाने तक्रार करायची, की पलंग थरथरतो, भिंतीवरची तसबीर रोज वाकडी होते, सूप सांडतं. मग कंपनीने नरहरी राऊतांना पाठवायचं. राऊतांनी जहाजाच्या पोटात उतरून पोलादी भिंतींना जागोजाग चुंबकं चिकटवायची, चुंबकांवर सेन्सर बसवायचे, आणि वर येऊन कप्तानाबरोबर सूप प्यायचं. मग अहवाल: कंपन मर्यादेत आहे. पलंग पुढेही थरथरायचाच, पण आता तो मर्यादेत थरथरायचा, आणि बहुतेक कप्तानांना तेवढ्यावर झोप लागायची.

पोलादाची सवय इतकी, की भुईगावात जन्मून, याच पाचूबंदरच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या आडून लपाछपी खेळून, आज घरून निघताना त्यांनी पिशवीत चुंबकंच चुंबकं भरली होती आणि दोरीचा एक तुकडा घेतला नव्हता.

"दोरी देऊ? बांधून टाक."

"दोरी ढिली पडते. आकडे चुकतात," नरहरीभाऊ म्हणाले. "मी हातानेच दाबून धरतो."

त्यांनी गुडघे टेकले, सेन्सर उजव्या हातात घेतला आणि मागच्या फळीवर दाबला. केल्विनने इंजिन वाढवलं. फळी थरथरू लागली, फळीवरचा सेन्सर थरथरू लागला, सेन्सरवरचा हात थरथरू लागला. नरहरीभाऊंनी डोळे मिटले. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं निवांत वाटलं नव्हतं.

कारण तो हात जमिनीवरही थरथरत असे, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

सुरुवात तीर्थापासून झाली. शेजारच्या सत्यनारायणाला गुरुजींनी पळीभर तीर्थ तळहातावर घातलं, आणि ते तोंडापर्यंत पोचायच्या आत बरंचसं गुरुजींच्या सोवळ्यावर गेलं. तेव्हापासून नरहरीभाऊ पूजांना जाईनासे झाले. कुणी विचारलं तर, विचार बदलले, असं सांगू लागले. माणूस नास्तिक झाला म्हटलं की गाव समजून घेतं, उतारवयात होतं असं एखाद्याला. हात हलतो म्हटलं की गाव डॉक्टरांचे पत्ते देतं. पुढे एकदा दाढी करताना गालावर लाल रेघ उमटली, तेव्हा त्यांनी दाढी वाढवली. दाढीने नास्तिकपणालाही जरा वजन आलं. लोकांकडचा चहा पित्ताच्या नावाखाली बंद केला. बसल्या जागी हात मांडीखाली, उभ्या जागी खिशात. अशा रीतीने एक धार्मिक, गुळगुळीत, चहाबाज माणूस वर्षाच्या आत पार बदलून गेला, आणि सगळ्यांनी त्याचा संबंध निवृत्तीशी लावला.

एकदा दार लावून त्यांनी फोनवर शोधलंही होतं. फोनने कंपवात हे नाव सांगितलं, आणि त्यात हात सेकंदाला चार ते सहा वेळा हलतो, असं वर सांगितलं. त्या दिवसापासून फोन त्यांना न विचारता काठ्या, चाकाच्या खुर्च्या आणि मोठ्या माणसांचे लंगोट दाखवू लागला. घरच्या कपाटात सेन्सर होता. हात मोजायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नसता. जगभरची जहाजं मोजलेल्या माणसाने तो वेळ काही काढला नाही. मोजलं की आकडा येतो, आणि आकडा आला की अहवाल द्यावा लागतो.

अहवाल बायकोला, द्वारकाबाईंना, द्यावा लागला असता, आणि खरी भीती तिथे होती. सासूबाई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं द्वारकाबाईंनी केलं होतं. आता कुठे त्या सकाळी पायांत बूट घालून, मैत्रिणींबरोबर भुईगावच्या समुद्रावर फिरायला जाऊ लागल्या होत्या. घरी येऊन वाळू झटकताना गाणं म्हणत. नवऱ्याचा हात हलला, की ते बूट पुन्हा खोक्यात जाणार, हे नरहरीभाऊंना कुठल्याही गणितावाचून दिसत होतं.

अशात सॅन्टनचा फोन आला. त्याच्या 'देवमाता' होडीला नवीन, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं होतं, आणि तेव्हापासून होडीला हीव भरलं होतं. ठरावीक वेग आला की ती अशी थडथडायची, की फळ्यांच्या फटींत कोंबलेला कापूस सुटून पाणी आत येऊ लागलं होतं. खलाशी तिच्यावर चढायला कां-कूं करत होते.

"फादर दोन वेळा येऊन पवित्र पानी शिंपून गेले," सॅन्टन फोनवर म्हणाला होता. "दुसऱ्या टायमाला तर होडीवर चडले पन नाय. जेटीवरनंच शिंपडलं."

"मग मी येऊन काय करू?"

"तू मोजतोस ना? मोज. फादरना पन जरा बरं वाटल."

नरहरीभाऊ एका पायावर तयार झाले. मैत्री होतीच. पण जिथे सगळंच हलतंय अशा जागेचं बोलावणं त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच आलं होतं.

आता केल्विन इंजिन टप्प्याटप्प्याने वाढवत होता, नरहरीभाऊ सेन्सर दाबून बसले होते, आणि सॅन्टनने थर्मासमधून चहा ओतला. होडीवर कुणाचाच कप धड राहिना. सॅन्टनचा चहा मिशीवर गेला, केल्विनचा बनियनवर. नरहरीभाऊंनी डाव्या हातात सेन्सर घेऊन उजव्याने कप तोंडाला लावला आणि खुशाल सांडत प्यायला. चारचौघांत चहा प्यायची गंमत ते विसरूनच गेले होते.

"आता इंजिन बंद कर," शेवटी ते केल्विनला म्हणाले. "शांत होडीचीही एक नोंद घेतो."

इंजिन थांबलं. लांबवर वसईच्या किल्ल्याच्या तटावर कावळे ओरडत होते. नरहरीभाऊंनी पुन्हा उजव्या हाताने सेन्सर दाबून धरला. शांत होडीची नोंद झाली.

*

रविवारी रुचिता बोळिंजहून स्कूटरवर आली. ती नरहरीभाऊंची भाची. मामाचं बघूनच ती या धंद्यात आली होती आणि मुंबईत जहाजांचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात कामाला होती. मामा मोजणारा, भाची भाकीत करणारी: जहाज बांधण्याआधीच ते कुठल्या वेगाला किती थरथरेल, हे गणिताने सांगायचं. भाकीत आणि मोजमाप यांत फरक पडला, तर त्याला अभ्यास म्हणतात. फरक पडला नाही, तर कुणीतरी उत्तर आधी बघितलं असं म्हणतात.

देवमातेचंही भाकीत तिने आधीच करून ठेवलं होतं. सॅन्टन चर्चमधली मिस्सा आटोपून, धुतलेल्या शर्टात, हातात पापलेटांची पिशवी घेऊन आला, ती द्वारकाबाईंच्या स्वाधीन केली आणि ओटीवर बसला. रुचिताने मांडीवर लॅपटॉप उघडून त्यात मामाच्या नोंदी भरल्या. नरहरीभाऊंनी हात मांडीखाली सारला.

"मामा, प्रेडिक्शन एकदम परफेक्ट बसलंय! सॅन्टनमामा, हे बघा. हा उंचवटा दिसतो? हा तुमचा पंखा. तीन पात्यांचा आहे ना? प्रत्येक पातं होडीच्या बुडाखालून जाताना पाण्याला धक्का देतं. त्याचा एक ठेका असतो. होडीच्या अंगाचा पण स्वतःचा ठेका असतो. जुन्या इंजिनाला हे दोघं लांब होते. नव्या इंजिनाने दोघांना एकत्र आणलं."

"म्हंजे दोघांचं जमलं."

"जरा जास्तच जमलं."

"मग मोडायचं कसं?"

"पंखा बदला. चार पात्यांचा लावा. ठेका बदलेल, होडी गप्प बसेल."

सॅन्टनने कपाळ, छाती, खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस केला. "फादरना सांगतो. बिचारे दोन रात्री झोपले नसतील."

"फक्त एक राहिलं," रुचिता पडद्यावर वाकली. "हा डावीकडचा बारका उंचवटा कोण आहे, ते कळत नाही. माझ्या गणितात हा नव्हताच. सेकंदाला पाच."

नरहरीभाऊंनी मांडी आणखी खाली दाबली.

सेकंदाला पाच. चार ते सहाच्या बरोबर मध्ये. वर्षभर त्यांनी चुकवलेला आकडा पापलेटांच्या पाठोपाठ घरी चालत आला होता.

"लाट असेल," ते म्हणाले.

"सेकंदाला पाच लाटा? वसईच्या खाडीत?"

"वारा होता."

"मामा."

"मग सोडून दे. केवढा आहे तो? मर्यादेत आहे."

"ज्याचा बाप सापडत नाही तो उंचवटा सोडायचा नाही, हे मला कोणी शिकवलं?"

शिकवलेलं माणसाला असं घरी येऊन गाठतं. नरहरीभाऊ अंगणातल्या केळीकडे बघू लागले.

सॅन्टनला मात्र आता हुरूप आला. "पानी उपसायचा पंप असल."

"पंप याच्यापेक्षा जोरात चालतो."

"केल्विन मोबाइलवर गानी लावतो. ती असतील."

"गाण्यानं होडी हलत नाही. आणि हे बघा ना, इंजिन वाढवलं की बाकीचे सगळे उंचवटे सरकतात. हा पठ्ठ्या जागचा हलत नाही." तिने आणखी एक आलेख उघडला आणि पडद्याच्या आणखी जवळ सरकली. "ही इंजिन बंद असतानाची नोंद. होडीवर सगळं थांबलंय. हा एकटा चालू."

सॅन्टनचा चेहरा उतरला. "आमचा बा तर नसल? त्याचा लई जीव होता होडीवर."

"सेन्सर बिघडला असेल," नरहरीभाऊ म्हणाले.

रुचिता उठली. ओटीच्या कोपऱ्यात दगडी पाटा होता, त्यावर तिने सेन्सर ठेवला आणि परत पडद्याकडे आली. पडद्यावर सरळ रेघ. पाट्याला काही झालं नव्हतं, सेन्सरलाही नाही.

"मग होडीवर लावला कसा होता तुम्ही? चुंबक तर लाकडाला..."

ती थांबली.

"हातानं धरलेला ना यानं," सॅन्टन म्हणाला. "चुंबक सारखं बोंबलात पडत व्हतं. मीच म्हटलं, दोरी देतो, तर..."

मग तोही थांबला. रुचिताने मामाच्या मांडीकडे बघितलं आणि लगेच नजर पडद्यावर वळवली. सॅन्टन पायांतल्या चपलेचा अंगठा निरखू लागला. ओटीवर तीन माणसं बसली होती आणि तिघांनाही एकाच वेळी दुसरीकडे बघायचं होतं.

तेवढ्यात द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सॅन्टनपुढे कप ठेवला, रुचितापुढे ठेवला, नवऱ्यापुढे ठेवला, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

नरहरीभाऊंना कुठेतरी बघणं भाग होतं, म्हणून त्यांनी चहाकडे बघितलं. सॅन्टनचा कप काठोकाठ भरलेला होता. रुचिताचाही. त्यांचा अर्धा होता.

अर्धा काही आजच नव्हता. कित्येक महिने अर्धाच होता. त्यावरून त्यांनी दोन-तीनदा कुरकुरही केली होती, की दूध काय संपावर गेलंय का. आणि द्वारकाबाई म्हणायच्या, गार होतो, पुन्हा घ्या की. आमटीची उथळ वाटी जाऊन खोल वाडगा कधी आला होता? त्यांच्या बटणांच्या सदऱ्यांची पायपुसणी झाली होती आणि दिवाळीला डोक्यातून घालायचे झब्बे आले होते, तेही दोन सोडून चार. दाढीला शोभतात, असं तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. त्यांना ते कौतुक वाटलं होतं.

त्यांनी हात मांडीखालून काढला. हाताला मुंग्या आल्या होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"गुरुजींवर तीर्थ उडालं तेव्हापासून. सोवळं मीच धुऊन दिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नास्तिक झालात," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्हटलं, एवढा मोठा निर्णय घेतलाय माणसाने, आपण कशाला मध्ये पडा."

सॅन्टनने घाईघाईने चहाचा घोट घेतला आणि तो त्याच्या नाकात गेला.

"मंगळवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय," त्या पुढे म्हणाल्या.

"आत्ता कधी लावलास?"

"दर महिन्याला लावते. तुम्ही काही बोलत नाही, मग आदल्या दिवशी रद्द करते. तिथली मुलगी आता आवाजावरनं ओळखते मला. या वेळी म्हणाली, काकी, लावूच नका, मीच धरून चालते." त्यांनी सॅन्टनकडे बघितलं. "पापलेट तळू की कालवण करू?"

"तळा," सॅन्टन म्हणाला, डोळे पुसत. ठसका जबर लागला होता.

नरहरीभाऊंनी कप उचलला. अर्धा कप थरथरत, पण एक थेंब न सांडता, तोंडापर्यंत गेला. हिशेब बरोबर होता.

*

डॉक्टर ॲंजेला वयाने रुचितापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. नरहरीभाऊंनी खुर्चीत बसल्या बसल्या हात खिशात घातला.

"बाहेर काढा. मांडीवर ठेवा. असा, वरती. सैल सोडा."

"सैल म्हणजे?"

"म्हणजे काही करू नका."

हे सगळ्यात अवघड होतं. वर्षभर त्या हाताने एक तर काम केलं होतं, नाहीतर तो लपला होता. नुसतं कुणी त्याला बसू दिलं नव्हतं. नरहरीभाऊंनी तो मांडीवर ठेवला आणि, जणू दुसऱ्याच्या होडीकडे बघावं, तसं त्याच्याकडे बघत राहिले.

हात पडून होता. उन्हात मांजर पडावं तसा.

डॉक्टरांनी एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं. हात थरथरला, टेबल भिजलं. कागदावर जिलबी काढायला लावली. तिला कडेने झालर आली. मग चालून दाखवा, मनगट सैल सोडा, बोटं भरभर मिटा आणि उघडा. मग पुन्हा मांडीवर. हात पुन्हा मांजर.

"घरी निवांत बसलेले असतात तेव्हा हलतो का हो?" डॉक्टरांनी द्वारकाबाईंना विचारलं.

"नाही. एरवी लपवून ठेवतात, पण टीव्ही बघता बघता गुंगले की हात बाहेर येऊन मांडीवर पडतो. मी बघते ना. अगदी गप्प असतो."

"घरात आणखी कुणाला होतं असं?"

नरहरीभाऊ नाही म्हणणार होते.

"मामंजींना," द्वारकाबाई म्हणाल्या. "यांच्या वडिलांना. नव्वदीपर्यंत केळीला झारीने पाणी घालायचे. अर्धं आमच्या केळीला, अर्धं शेजाऱ्यांच्या. शेजाऱ्यांची केळी काय पोसली होती!"

नरहरीभाऊंनी बायकोकडे बघितलं. वडिलांची झारी त्यांना चांगली आठवत होती. तिच्यातून पाणी नेहमीच नाचत पडायचं. त्यांना ते झारीचं वैशिष्ट्य वाटलं होतं.

डॉक्टर मागे टेकल्या. "मग काळजीचं काही दिसत नाही, काका. हा कंपवात नाही. कंपवातात बहुतेकदा हात स्वस्थ असताना हलतो. तुमचा कामाला लागला की हलतो. घराण्यात चालत येतो हा, वयाप्रमाणे थोडा वाढतो. त्रास वाटला तर गोळी देऊ. थायरॉईड एकदा तपासून घ्या, बस."

"पण सेकंदाला पाच आहे," नरहरीभाऊ म्हणाले.

"काय?"

"मोजलाय. चार ते सहाच्या मध्ये येतो. आणि इंजिन बंद होतं तेव्हा."

डॉक्टरांनी द्वारकाबाईंकडे बघितलं. द्वारकाबाईंनी मान हलवली, म्हणजे बोलू दे त्यांना.

"नुसत्या आकड्यावरनं नाही सांगता येत. दोन्हींचा आकडा सारखा असू शकतो. मोजला तेव्हा हात काय करत होता?"

"सेन्सर दाबून धरला..." नरहरीभाऊ म्हणाले, आणि तिथेच राहिले.

होडीचं इंजिन बंद होतं. हाताचं चालूच होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना बजावलं, की मोजण्याआधी काय चालू आहे आणि काय बंद, ते नीट बघून घ्या. आणि स्वतःच्या घाबरण्यासाठी त्यांनी एका वर्षात एकही नोंद धड घेतली नव्हती.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "मर्यादेत आहे?"

"मर्यादेत आहे," डॉक्टर म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी शेकडो कप्तानांना लिहून दिलं होतं. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी खिशातून उजवा हात काढला, उंच धरला आणि रिक्षाला हात केला. हात असा हलला, की दोन रिक्षा थांबल्या.

"तुझं आजचं फिरणं बुडालं," ते द्वारकाबाईंना म्हणाले.

"पहाटे जाऊन आले मी," त्या रिक्षात सरकून बसत म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात. काही असलं, तरी मी जाणारच होते. ते मी कधीच ठरवलं होतं."

नरहरीभाऊंनी यावर विचार केला. हे भाकीतही चुकलंच होतं. रिक्षा पहिल्या खड्ड्यात आपटली आणि ते मोठ्याने हसले, तेव्हा रिक्षावाल्याने आरशात बघितलं.

*

चार पात्यांचा पंखा लागला त्या शनिवारी देवमातेवर गर्दी होती. फादर स्वतः जेटीवर आले, दोन पावलं होडीवर आले, थोडं थांबले आणि समाधानाने खाली उतरले. रुचिताने या खेपेला सेन्सर स्क्रूने फळीवर पक्का बसवला. द्वारकाबाई फिरायचे बूट घालून आल्या होत्या आणि बोंबलांच्या पाटीशेजारी थर्मास घेऊन बसल्या होत्या. नरहरीभाऊंची दाढी गेली होती. गालावर एक बारीक रेघ होती, तिच्यावर कागदाचा तुकडा.

केल्विनने इंजिन वाढवलं. पूर्वी जिथे फळ्या थडथडायच्या तो वेग आला. वेग गेला. होडी पाण्यावरून अशी चालली होती, जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. सॅन्टनने भरलेला कप फळीवर ठेवला आणि त्याच्यापुढे आडवा होऊन बघत राहिला. चहाला सुरकुती नव्हती.

"आई गं," तो हळूच म्हणाला. "हिला झोप लागलीय."

रुचिताने लॅपटॉपवरून मान उचलून अंगठा दाखवला. पंख्याचा उंचवटा लांब सरकला होता, होडीच्या ठेक्याला धक्का लागत नव्हता. डावीकडे काही नव्हतं.

नरहरीभाऊंनी कप पुढे केला. होडीवर आता दुसरं काहीच हलत नसल्यामुळे तो फार उठून दिसत होता.

"अंकल," केल्विन त्या कपाकडे बघत काळजीने म्हणाला, "थोडी अजून हलते वाटतं."

"होडी नाही रे," नरहरीभाऊ म्हणाले. "तो मी."

केल्विनने बापाकडे बघितलं. सॅन्टन म्हणाला, "पुढं बघ तू. जाळी हायेत तिकडं."

द्वारकाबाईंनी थर्मास वाकडा केला. कप अर्धा झाला तेव्हा सवयीने त्यांचा हात थांबला. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि ओतत राहिल्या, काठाला टेकेपर्यंत.

नरहरीभाऊंनी सगळ्यांसमोर, उजव्या हाताने, कप उचलला. तो तोंडाकडे निघाला आणि वाटेत नाचू लागला.

सॅन्टनने पायाने बोंबलांची पाटी जरा बाजूला सरकवली.